आजाराचं नाव

अण्णांचा जुना कोट धुवायला काढला, तर डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर नाशिकच्या फार्मसी कॉलेजातली ती दुपार समोर आली. माझी धाकटी बहीण सुमी लातूरला शिकत होती. तिला फिट्स यायच्या. वसतिगृहात एकटीनं राहणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं आणि त्या कागदावर तिला घराजवळचं हे कॉलेज बदलून मिळणार होतं.

प्राचार्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून विचारलं, "मुलीला नेमका आजार काय?"

अण्णांनी शेजारी उभ्या असलेल्या क्लार्ककडे पाहिलं. तो चांदवडचा, आमच्या नात्यातला.

"आजार कसला, साहेब! घरची आठवण येते. लाडावलीय जरा." कागद कोटाच्या खिशातच राहिला.

प्राचार्यांनी हसून अर्ज परत दिला. सुमी माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

जिन्यात ती म्हणाली, "अण्णा, खोटं का बोललात?"

"लग्न व्हायचंय तुझं, बाई. गावभर झालं असतं."

त्याच हिवाळ्यात वसतिगृहाच्या न्हाणीघरात तिला फिट आली. दार आतून बंद होतं. दार तोडेपर्यंत ती गेली होती.

अण्णा तिच्या भल्यासाठीच बोलले, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. पण त्या दुपारनंतरच्याच रविवारी पाहुणे मला बघायला येणार होते, आणि म्हणून मीही गप्प बसले.