मख्ख जावेचं चित्र

ओतूरला माझं ब्युटी पार्लर आहे, त्यामुळे माणसांच्या चेहऱ्यांबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही. दिवसभर बायका माझ्यासमोर खुर्चीत डोकं मागं टाकून बसतात आणि प्रत्येकीला वाटतं, आपण मुळात गोऱ्यापानच, उन्हानं तेवढं काळवंडलंय. लग्नाच्या नवरीमुलींचं तर विचारूच नका. जन्मभर कांद्याच्या रानात राबलेली पोर मला म्हणते, मॅडम, एकदम नॅचरल करा, फक्त दोन शेड उजळ. डोंबलाचं नॅचरल!

असले चेहरे वीस वर्षं झाकून झाल्यावर मला वाटलं, एखादा तरी उघडा करून बघावा. म्हणून जुन्नरला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. माणसांचे चेहरे काढायचे, नुसते नाकडोळे नाहीत, भावासकट. सरांच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेले मुख्याध्यापक टांगलेले होते, सेवापूर्तीला शाल-नारळाबरोबर देतात तसले. सगळ्यांचे केस काळेभोर, सगळ्यांचं हसू एकच. एकाच गिरणीतून दळून आणल्यासारखे. हा माणूस मला काय भाव शिकवणार, असं मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं.

पण सरांना दुसऱ्यांच्या चित्रातलं बरोबर दिसायचं, हे मला कबूल करावं लागेल. तीन महिने मी गिऱ्हाइकं काढून नेत होते. त्यातही एक गंमत. आमच्याकडच्या माणसाला बस म्हटलं, चित्र काढते, की तो आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखा बसतो. तोंड धुऊन येतो, वरचं बटण लावतो, श्वास रोखतो आणि समोर असा बघतो, जणू पापणी हलली तर रेशन बंद होईल. बायका पदर डोक्यावर घेतात आणि ओठ मिटून घेतात. मी ते सगळे दगड इमानेइतबारे कागदावर उतरवायचे. सर एकेक कागद उलटायचे आणि म्हणायचे, "डोळे बरोबर, नाक बरोबर. माणूस कुठंय?"

शेवटी एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी एक जिवंत चेहरा आणा. नाहीतर पुढच्या तुकडीत मी तुम्हाला घेणार नाही, जागा कमी आहे."

हसायचं तर हसा, पण मला तो वर्ग सोडवत नव्हता. घर सासरच्यांचं, पार्लर गिऱ्हाइकांचं. रविवारचे ते दोन तास तेवढे माझे होते. ते गेले असते तर मी रडले असते, आणि मला रडणाऱ्या बायकांचा तिटकारा आहे.

काढायची राहिली होती एकटी माझी धाकटी जाऊ. ती शिनोलीच्याही पलीकडची, डोंगरातली, भातशेतीवाल्यांची. मी आळे गावची, कॉलेज केलेली. पंधरा वर्षं आम्ही एका चुलीवरचं जेवतो, पण तिच्याशी काय बोलावं ते मला कधी सुचलं नाही. विचारलं तर "व्हय ताई", नाहीतर "न्हाई ताई". चेहरा कायम मख्ख. मी पाव्हण्यांसमोर तिला मख्खच म्हणायचे आणि तरीही तिच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. मी म्हणायचे, कळतच नसेल तिला.

तिला पडवीत बसवलं. एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीनं तिचं कपाळ मापलं. "मान वर. हलू नकोस. तोंड असं काय केलंयस?"

"कसं केलंय, ताई?"

"तेच विचारतेय मी!"

तीन दिवस बसवली. तिन्ही दिवस नवी साडी नेसून, कुंकू सरळ लावून ती खांबासारखी बसली आणि मी तीन खांब काढले. रागानं तिन्ही कागद फाडले. हिच्यामुळं माझा वर्ग जाणार म्हणून तिला दोन शब्द ऐकवलेसुद्धा. ती म्हणाली, "चुकलं, ताई."

शुक्रवारी पार्लरची लाइट गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. कांदा साठवायच्या आमच्या बराखीत बायका कांदा निवडत होत्या आणि खिदळत होत्या. आणि त्या हसण्याच्या मधून मला माझाच आवाज ऐकू आला.

"मान वर! हलू नकोस! शी, काय तुमी लोक!"

बराखीच्या फटीतून मी आत पाहिलं. माझी मख्ख जाऊ पालथ्या पाटीवर बसली होती. हातात तुराटीची काडी, ती लांब धरलेली, एक डोळा मिटलेला. हनुवटी वर. डावी भुवई चढलेली. वरचा ओठ एका बाजूनं असा उचललेला, जणू समोर कुणाच्या अंगाला वास येतोय. समोरची बाई पोट धरून हसत होती, "लई ग्वाड, अगदी तश्शीच!" दुसरी म्हणाली, "राव, त्यो व्हट बघा, व्हट!"

माझे कान तापले. आत जाऊन एक ठेवून द्यावी असं वाटलं. खोटं कशाला बोलू? पाऊलही उचललं होतं. पण बघतच राहिले. तो ओठ मी आरशात कधी पाहिला नव्हता. आरशात बघताना मी तो तसा करत नसणार. पण तो माझाच होता. नवरीमुलींसमोरचा, पाव्हण्यांसमोरचा, तिच्यासमोरचा. तीन महिने पेन्सिली झिजवून मला जे जमलं नाही, ते हिनं काडीनं करून दाखवलं होतं. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त हेवा वाटला.

पर्समध्ये आयब्रो पेन्सिल होती आणि कुणाच्या तरी मुलीची लग्नपत्रिका. पत्रिकेची मागची बाजू कोरी. फटीला डोळा लावून मी तिथंच, उभ्या उभ्या काढायला लागले. मापलं नाही, खोडलं नाही. हात इतका भराभर कधी चालला नव्हता.

तेवढ्यात तिचं लक्ष फटीकडे गेलं. काडी खाली पडली. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो सगळा जिवंत चेहरा मिटत गेला: आधी भुवई, मग ओठ, मग डोळे. दोन श्वासांत ती पुन्हा मख्ख झाली. पंधरा वर्षं मी ज्याला तिचा चेहरा म्हणत होते, तो ती मला पाहून लावत होती. बाकीच्या बायका खाली मान घालून कांदा निवडायला लागल्या.

मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा टाक."

"टाकते, ताई."

रविवारी मी ती लग्नपत्रिका सरांसमोर ठेवली. लाज वाटत होती, त्यांनी चेष्टा केली असती तर मी उठून गेले असते. सरांनी चष्मा वर केला, पत्रिका खिडकीपाशी नेली. मग सगळ्या वर्गाला दिसेल अशी धरली.

"हा चेहरा जिवंत आहे. पुढच्या तुकडीत तुमची जागा पक्की." माझ्याकडे बघून ते मनापासून हसले. "स्वतःला इतक्या निर्दयपणे कुणी काढत नाही, मॅडम. भाव हुबेहूब तुमचा उतरलाय. नाक तेवढं चुकलंय."

वर्ग हसला. मला वाटलं होतं जागा मिळाली की बरं वाटेल.

"नाक बरोबर आहे, सर," मी म्हटलं. "नाक माझ्या जावेचं आहे."