डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं

आमच्या घरात अक्षर म्हटलं की मी. लग्नपत्रिकांवरचे पत्ते, गणपतीच्या मखरावरचं ‘स्वागतम्’, शाळेचा फळा, सगळं माझ्या हातचं. त्यामुळे धाकट्या जाऊने हरिहरेश्वरच्या रस्त्यावर खानावळ काढली, तेव्हा मी न सांगता नवा ब्रश आणून ठेवला.

बोलावणं आलं, पण पाटी बघायला. अलिबागहून फ्लेक्स छापून आला होता.

“ताई, कसा वाटतो फॉन्ट? अगदी हाताने लिहिल्यासारखा दिसतो ना?”

हाताने लिहिल्यासारखा! आणि हात घरात धडधाकट बसलेला.

बघितलं आणि नाव ठेवायला जागाच सापडेना, कारण अक्षरं गोड होती. बगळ्याच्या पायांसारखी बारीक. वेलांटी झावळीसारखी मागे झुकलेली, उकार कोळंबीसारखा मुरडलेला. डोक्यावर रेघच नाही, त्यामुळे शाळा सुटल्यावर पोरी पळाव्यात तशी सगळी मोकळी. खानावळीचं नाव तर कुणी गुणगुणत लिहावं तसं! माझी अक्षरं बिचारी जाड, कवायतीला उभी.

“छानच,” मी म्हणाले. “जरा अशक्त आहेत. टॉनिक दे.”

“तुम्ही पण ना, ताई!”

नावाखाली त्याच अक्षरांत, पण बारीक, जेवणाचे पदार्थ होते. दुसऱ्या दिवशी आमची नेहमीची कोळीण डोक्यावरची माशांची पाटी उतरवून फ्लेक्ससमोर उभी राहिली, डोळे बारीक करून वाचू लागली आणि ओरडली, “काय गो, मरलेलं पापलेट? मंग मी काय तुला जितं देतंय?”

लिहिलं होतं ‘भरलेलं पापलेट’. पण भ ओळखायचा तो डोक्यावरच्या रेघेतल्या फटीवरून. रेघच काढून टाकली की भ आणि म जुळे भाऊ. मी इतकी हसले की माडाला धरावं लागलं. देव माझ्या बाजूने होता.

संध्याकाळी जाऊ आली. “ताई, पदार्थ तेवढे तुम्ही लिहा ना.”

“आणि नाव?”

“नाव राहू दे. पाहुणे त्याचेच फोटो काढतात.”

बरोबरच होतं तिचं, हेच जास्त झोंबलं. तो फॉन्ट एखाद्या शब्दाचा, मोठ्या आकाराचा, भोवती मोकळी जागा असलेला. भुकेल्या माणसाने गाडीतून वाचायचं असेल तर रेघ हवी, जाडी हवी, मी हवी. मी भ असा लिहिला की तो दिवेआगरहून दिसावा. तरी फोटो नावाचेच. माझा भ चौकटीबाहेर!

परवा पुण्याच्या एक बाई पाटीपुढे थबकल्या. “अहो, वरचं नाव कोणी लिहिलंय? काय सुंदर हात आहे!”

जाऊ आत मासे तळत होती. मी पदर सावरला. “मीच.”

“अय्या! मग आमच्या नातीचं नाव द्या ना लिहून, अगदी तस्संच. जेवण होईपर्यंत थांबतो आम्ही.”

त्या आत जेवायला बसल्या आणि मी मागच्या पडवीत जाऊन नव्या ब्रशाचे केस बगळ्याच्या पायाइतके बारीक कातरायला घेतले.