राक्षसाचा पंजा आणि मंडईतला भोपळा

मंडळी, आज फार थकलेय, पण हे कोणाला तरी सांगायलाच हवं.

गेले चार महिने येरवड्याच्या शेडमध्ये आम्ही सिनेमातल्या एका प्रसिद्ध राक्षसाचा तीस फुटी रोबो बनवतोय, खराडीतल्या एका मॉलसाठी. तो डरकाळी फोडतो आणि पंजा जमिनीपर्यंत आणून मिटतो. त्या पंजात बसून मुलं फोटो काढणार. डिझाइन माझं.

आज मॉलचे साहेब बघायला आले. म्हणाले, "पंजा फारच हळू मिटतो हो. थरार कुठाय?"

आधीच चार वेळा बदल करून मी इतकी कंटाळले होते की वाद न घालता वेग वाढवला. चाचणीसाठी मंडईतून आणलेला लाल भोपळा पंजात ठेवला.

क्षणात त्याचा चेंदामेंदा झाला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! आता कसं! हेच फायनल करा."

आमचे फिटर शिंदेकाका खाली सांडलेला गर गोळा करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मॅडम, इथंच पोरं बसणार ना?"

मी वेग पुन्हा कमी केला. साहेबांना म्हटलं, "पंजा असाच मिटेल. नाहीतर हा राक्षस शेडबाहेर जाणार नाही."

साहेब तडक निघून गेले. काम बहुधा गेलंच.

त्याचं वाईट वाटतंयच, पण सलतंय ते वेगळंच. काकांनी विचारलं नसतं, तर मी 'चालेल' म्हणून मोकळी झाले असते.

थकल्यावर तुमचंही असं होतं का?