फाटला तर माझा कागद

माझा मल्चिंग पेपर पहिल्यांदा फाटला तो राहुरीजवळच्या आमच्याच शेतात, सगळ्यांच्या देखत. कलिंगडाच्या बेडवर, मातीच्या उंच वाफ्यावर, तण रोखायला अंथरायचा हा कागद म्हणजे खरं तर पातळ प्लास्टिक. बाजारातल्याच्या चिंध्या वर्षानुवर्षं मातीत राहतात. मी संशोधनासाठी बनवलेला माझा मातीत विरणारा होता. प्रयोगशाळेतल्या यंत्रानं ओढला तेव्हा टिकलाही होता. पण आमच्याकडे रोपासाठी भोक पाडतात ते निखाऱ्यावर तापवलेल्या पत्र्याच्या डब्यानं. डबा टेकला आणि भोकापासून कागद टरकन फाटत गेला.

"पोरी, ह्यो कागद हाय का पापड?" बेडवर काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. चुलते तर पोट धरून हसले.

माझ्या संशोधनाच्या सरांनी सोपा उपाय काढला. भोकं आधीच यंत्रानं पाडा, शेतकऱ्यांनी पद्धत बदलावी. माझं डोकंच फिरलं.

"पद्धत नाही बदलणार, सर. कागद बदलेल."

बाहेर आल्यावरही शब्द मागे घेतला नाही.

कागदात दोन प्लास्टिकं होती, एक कडक, एक लवचिक, आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. त्यांना सांध्यात धरून ठेवायला मी सिलिकाची नॅनो भुकटी घालत होते. फाटला की आणखी घालायचे. रस्सा पातळ झाला की आम्ही कूट वाढवतो. तोच हात मी प्रयोगशाळेत नेला होता. जास्त भुकटीच्या गुठळ्या होत आणि चीर नेमकी गुठळीपासून सुटे. हे कळायला मला सहा महिने लागले, याची अजून लाज वाटते. मग भुकटी कमी केली, जास्त वेळ घोटली, आणि घरून डबा आणून तापवून तिथंच भोकं पाडली. सर नाक मुरडत राहिले.

पुढच्या हंगामात वडिलांनी एकच बेड दिला. "ह्योबी फाटला तर परत शेतात आनायचा न्हाई," ते म्हणाले.

मावशींनी डबा टेकवला. गोल भोक पडलं. चुलत्यांनी कडेत दोन बोटं घालून ओढलं. कागद लांबला, पण फाटला नाही. त्यांनी दुसरा हात लावला.

"ओढा की काका, अजून ओढा," मी म्हणाले.

मावशींनी त्यांना कोपरानं बाजूला केलं. "सरका, माजा डबा निवतोय."