पहिलीचे मास्तर आणि झेंडूची हजेरी

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या मास्तरांइतकं फुलझाडांना अदबीनं वागवणारा माणूस मी उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. लोहाऱ्याच्या अलीकडच्या एका गावात हेडमास्तरांच्या हाताखाली आम्ही दोघं मास्तर होतो. मी नवखा, ते पन्नाशीला टेकलेले. मूळचे नळदुर्गचे. निजामाच्या काळात सगळी उमर उर्दूत शिकवण्यात गेलेली. राज्य बदललं, शाळा मराठी झाली आणि या गृहस्थांना पोरांच्या बरोबरीनं मराठी मुळाक्षरं गिरवावी लागली. पण त्याचा त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. पहिलीच्या वर्गामागं त्यांनी काळ्या मातीचा एक लांब वाफा केला, प्रत्येक पोराला वीतभर जागा आणि झेंडूचं एकेक बी दिलं, आणि रोज सकाळी पोरांची हजेरी झाली की झाडांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव पुकारलं की ज्याचं त्यानं आपल्या रोपाच्या वतीनं "हाजिर" म्हणायचं. शेळीनं शेंडा खाल्लेल्या रोपाला आठ दिवसांची आजारपणाची रजा मिळे. त्या शेळीलासुद्धा ते काठी दाखवत नसत. "चला, तशरीफ उचला," एवढंच म्हणत, आणि शेळी जाईपर्यंत हात बांधून उभे राहत.

फूल कसं येतं, हे शिकवायची त्यांची रीत साधी होती. घाई करायची नाही, आणि रोज बघायचं. हौसा नावाची सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. ती मातीत पुरलेलं बी रोज उकरून बघायची, आलं का नाही म्हणून. दुसरा कुणी असता तर कान उपटला असता. मास्तर तिच्याजवळ उकिडवे बसले. "बेटा, तू निजलीस आणि मी घडीघडीला तुझी वाकळ ओढून बघितलं, तर तुझी झोप होईल का?" हौसानं विचार करून सांगितलं, "न्हाय हुनार." त्यानंतर तिनं माती उकरली नाही. नुसती वाफ्याशी कान लावून बसायची.

मराठी मात्र ते पोरांकडूनच शिकत. कळी, पाकळी, देठ हे शब्द त्यांनी एकेका पोराला विचारून घेतलेले, आणि उर्दू लिपीत वहीत उतरवलेले. "माझी झाड" म्हणाले की सगळा वर्ग ओरडे, "माझी न्हाय मास्तर, माझं!" मास्तर वही काढून लिहीत, आणि सांगणाऱ्याला म्हणत, "शुक्रिया. बसा."

दसऱ्याच्या आधी वाफा पिवळाजर्द झाला. पण पोरांना फूल तोडायची बंदी होती. फूल झाडावरच वाळू द्यायचं, मग पाकळीच्या बुडाशी बी सापडतं, ते पुढच्या वर्षीच्या पोरांना द्यायचं, असं ठरलेलं. आणि नेमके तेव्हाच शाळा तपासायला मोठे साहेब यायचे झाले. उर्दूत शिकलेल्या मास्तरांना मराठीतून शिकवता येतं का, ते स्वतः पाठ ऐकून ठरवणार होते. नाही जमलं तर नोकरी जाणार, हे मास्तरांना ठाऊक होतं.

आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "साहेबांच्या गळ्यात काय कागदाचा हार घालावा? सकाळी लवकर या अन् झेंडू तोडा."

मी नवखा होतो. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. झुंजुमुंजू असतानाच मी सगळा वाफा बोडका केला, हार ओवला, आणि मास्तर आले तेव्हा त्यांना चहाचा कप दिला. ते वाफ्याकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात पोरं आली. हौसानं टाहो फोडला, "माझं फूल कुनी न्हेलं?"

मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झाड आहे ना जागेवर? मग रडायचं नाही."

साहेब आले, हार गळ्यात पडला, पाठ सुरू झाला. मास्तर फळ्यापाशी उभे राहिले, खडू उचलला, आणि परत ठेवून दिला. मग हळूच ते साहेबांपुढं गेले. "साहेब, इजाजत... परवानगी असेल तर, त्यातलं एक फूल हवंय." साहेब चकित झाले. त्यांनी सगळा हारच काढून दिला. मास्तरांनी दोरा सोडला आणि पोरांच्या हातावर एकेक फूल ठेवलं. "हळू उघडा. ही पाकळी. तिच्या बुडाशी बघा, बारीक, पांढरं. हे बी. अजून कच्चं आहे. आणि हे खालचं... याला..." ते अडले.

"देठ, मास्तर," हौसा म्हणाली.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "शिकवतंय कोण? तुम्ही, का पोरं?"

"दोघंही, साहेब," मास्तर म्हणाले. "फूल मी शिकवतो. जबान ते शिकवतात."

साहेबांनी हौसाला जवळ बोलावून विचारलं, "या बीपासून रोप येईल का गं?" ती म्हणाली, "न्हाय. ह्याला लई लवकर तोडलं." मी भिंतीकडं बघत उभा होतो. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत चार ओळी लिहिल्या. मास्तरांना कायम ठेवावं, असा त्यांचा अर्थ होता.

शाळा सुटल्यावर मला राहवेना. मास्तर वाफ्याला पाणी घालत होते. मी म्हणालो, "मास्तर, फुलं मी तोडली."

"मालूम आहे," ते म्हणाले. "सकाळी चहा दिलात, तेव्हाच तुमच्या बोटांना झेंडूचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी घागर खाली ठेवली. "दिवसभर तुम्ही माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही. वरून मी आणखी काय बोलू? खाली कळ्या आहेत अजून. फक्त या खेपेला वाळू द्या."

दुसऱ्या वर्षी त्यांची बदली ईट नावाच्या गावी झाली. मी त्यांना सोडायला फाट्यावर गेलो. ट्रंकेवर बसून आम्ही पावसापाण्याचं बोललो. फुलांबद्दल माफी मागायची राहिली होती, तिचे शब्द मी गाडी येईपर्यंत मनात जुळवत होतो. आमच्या त्या रस्त्यावर एसटी कधी वेळेवर येत नसे. त्या दिवशी मात्र ती अगदी वेळेवर आली.