येशूचं डोकं पिशवीत घेऊन पुण्याला

सकाळच्या सहाच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत टॉवेल, टॉवेलात येशूचं डोकं आणि शर्टाच्या खिशात, काडेपेटीत, त्याचं नाक. बायकोला सांगितलं होतं की डोळ्यांच्या कामासाठी पुण्याला जातोय. ते तसं अगदीच खोटं नव्हतं.

घडलं ते असं. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात लहानसं चर्च आहे. फादर दुसऱ्या गावाहून फक्त रविवारी येतात, त्यामुळे किल्ली माझ्याकडे. एसटीत आयुष्यभर कंडक्टर होतो, पिशव्या, किल्ल्या आणि माणसं सांभाळायची सवय आहे. ईस्टरच्या आधी दोन आठवडे आम्ही मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतो आणि ईस्टरच्या सकाळी उघडतो. झाकण्याआधी पुसावी म्हणून स्टुलावर चढलो, आणि उतरताना आधाराला येशूचा खांदा धरला. नारळाएवढं डोकं मानेपासून निखळून फरशीवर आपटलं. कपाळाला चीर, एक डोळा गेला, नाक वेगळं.

फादरांची भीती नव्हती. भीती होती मार्थाची. माझी बायको रोज संध्याकाळी या मूर्तीसमोर बसून तासभर बोलते. लग्न होऊन आली तेव्हापासून बोलते. घरात ऐकणारं कुणी नाही, असं तिचं म्हणणं. तिचं सगळं सुखदुःख त्या चेहऱ्याला ठाऊक, आणि तो चेहरा मी फोडला होता. ईस्टरला कापड निघेल आणि तिला दुसराच कुणी दिसेल. घाबरून घरातला पितळी तांब्या आणला, मानेवर उपडा ठेवला आणि वरून कापड टाकलं. पुढचे तीन दिवस मार्था संध्याकाळी तांब्याशी बोलली आणि घरी येऊन तांब्या शोधत बसली.

गाडीत शेजारच्या बाईंनी पिशवीकडे बघून विचारलं, नारळ का? मी हो म्हणालो. त्यांनी वरूनच बोटाने वाजवून पाहिला आणि याला पाणी नाही असं सांगून टाकलं. पुढे कंडक्टरने डबल बेल मारली आणि धावत आलेला एक म्हातारा खाली राहिला, तेव्हा मला माझं जुनं मत आठवलं. येशू कंडक्टर असता तर त्याने गाडी भरली म्हणून कुणाला खाली ठेवलं नसतं. टपावर बसवलं असतं, स्वतः शिडीला लटकला असता. असा माणूस आमच्या डेपोत आठवडाभरही टिकला नसता.

शिवाजीनगरला उतरलो आणि डेंगळे पुलावरून चालत कसब्याकडे निघालो. इतक्या वर्षांनी पुण्यात मोकळा हिंडत होतो. खांद्याला तिकिटाची बॅग नाही, परतीच्या गाडीची घाई नाही. गुन्हेगारासारखा आलो होतो खरा, पण पुलावरचं ऊन अंगावर आलं तसं मला उगाचच हसू फुटायला लागलं. पेठेत शिरल्यावर एका दुकानदाराला विचारलं, मूर्तिकार कुठे भेटतील?

"गणपतीला अजून पाच महिने आहेत," ते म्हणाले.

"मला गणपती नकोय."

"मग तर आणखीच निवांत जा." असं म्हणून त्यांनी हनुवटीनेच गल्ली दाखवली.

मालनताई साठीच्या पुढच्या. चष्म्याला दोरी, हाताला कोपरापर्यंत पांढरी माती, भोवती न रंगवलेले शंभरेक गणपती. मी टॉवेल उलगडला. त्यांनी डोकं हातात घेऊन कलिंगड पारखावं तसं फिरवलं.

"कोण हे?"

"येशू."

"बरं. स्वभाव कसा?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी नीट समजावलं. चीर भरणं सोपं. खरं काम आखणीचं (मूर्तीचे डोळे रेखायचं). जन्मभर एकाच देवाचे डोळे काढलेला हात, समोरच्याचा स्वभाव कळला नाही तर आपसूक तिकडेच वळतो. एका पुढाऱ्याचा पुतळा त्यांनी असाच न विचारता केला होता. तो आता चौकात मोदक बघितल्यासारखा उभा आहे.

मग त्यांनी चहा मागवला. मी ईस्टरपर्यंत चहा सोडला होता, तसं सांगितलं. सबंध पुण्यात त्या दिवशी मला चहा न विचारणारा माणूस भेटला नाही.

मग मी स्वभाव सांगायला लागलो. जन्मापासूनचा ख्रिस्ती मी, पण दयाळू, क्षमाशील यापुढे माझी गाडी जाईना. मालनताई म्हणाल्या, दयाळू तर सगळेच देव असतात, डोळा कसा काढू ते सांगा. तेवढ्यात समोर भांड्यांना कल्हई करणारे रशीदचाचा हात पुसत आले. पाठोपाठ कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले लिमयेकाका आले. ते रोज याच वेळी इथे पेपर वाचायला येतात, असं कळलं.

चाचांनी डोक्याकडे नीट बघितलंही नाही. "मूर्तीचं मला विचारू नका, ते आमच्यात बसत नाही. माणसाचं विचारा. हजरत ईसांनी, म्हणजे तुमच्या येशूंनी, लहानपणी मातीचा पक्षी केला, त्यात फुंकर घातली, आणि तो उडाला."

मालनताईंचा हात थांबला. "मातीकाम करायचे?"

आमच्यात तो सुतार असतो, असं मी म्हणायला गेलो, पण माझं कुणी ऐकेना. मालनताई माझ्यावर रागावल्या. आमच्या धंद्यातला माणूस, आणि हे आधी सांगायचं नाही? मग प्रश्नांची सरबत्ती झाली. जेवायला आवडायचं का? आवडायचं, आणि ज्यांच्या घरी कुणी जेवत नाही त्यांच्याकडेच जायचा. राग यायचा? एकदा आला होता, देवळात बाजार मांडलेला बघून.

"इथे रोज आला असता," लिमयेकाका पेपरातून म्हणाले.

मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "नोकरीभर आरोपी पाहिले मी. निर्दोष असतो तो सगळ्यात जास्त बोलतो. हा खटल्यात बोलू शकत होता, आणि गप्प उभा राहिला. तसा मला एकही दिसला नाही." मालनताईंनी ओल्या फडक्याने कपाळावरची धूळ हलकेच पुसली.

दुपारी मार्थाने बांधून दिलेली पिठलं-भाकरी आम्ही चौघांनी खाल्ली. मालनताईंनी मटारची उसळ वाढली. मूर्तीच्या मानेवर सध्या तांब्या आहे हे मी कबूल केलं, तेव्हा लिमयेकाकांना ठसका लागला आणि चाचांनी गंभीरपणे विचारलं, आतून कल्हई आहे ना?

जेवणानंतर जुना रंग काढताना मालनताई थबकल्या. "हे तोंड आधीही फुटलंय." काडेपेटीतलं नाक त्यांनी तळहातावर ठेवलं. ते प्लास्टरचं नव्हतंच, लांबीचं (भेगा बुजवायच्या लगद्याचं) होतं. "आणि हे कारागिराचं काम नाही. शेंड्याला बसकं, डावीकडे कललेलं. कुणीतरी चोरून केलंय." मग ओठाच्या कडेला थिनरचा बोळा लावून त्यांनी वास घेतला. "हा रंग नाही. नेलपॉलिश आहे."

डाळिंबी नेलपॉलिश. नोकरीच्या पहिल्या वर्षी, पुण्याच्या फेरीवर असताना, तुळशीबागेतून मी मार्थासाठी एक बाटली नेली होती. तिच्या नखांवर ती मला कधी दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, संपली. आपली आवड तिला आवडली नाही, हे शल्य मी इतकी वर्षं मनात धरून होतो. आणि ती बाटली इथे, येशूच्या ओठांवर संपली होती!

"ताई, चहा सांगा," म्हणालो. दोन कप प्यायलो.

ओठ खरवडून नव्याने रंगवते, नाहीतर विजोड दिसतील, असं मालनताई म्हणाल्या.

"दिसू देत," मी म्हणालो. "ओठांना हात लावू नका. नाकही तेच बसवा."

कपाळ भरून वाळल्यावर त्यांनी श्वास रोखून आखणी केली. आम्हीही श्वास रोखला. चाचा लांब उभे होते, पण त्यांचीही मान पुढे आली होती. डोळे गणपतीचे झाले नाहीत. समोरच्याचं बोलणं अजून संपलेलं नाही हे माहीत असलेल्या माणसाचे झाले. मला इतका आनंद झाला की मी रशीदचाचांना मिठीच मारली. लिमयेकाकांनी डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे पाहिलं. "नाक ओळखीचं वाटतंय," एवढंच म्हणून ते वामकुक्षीला गेले.

रात्री घरी पोचलो. मार्थाने विचारलं, डोळ्यांचं काम झालं का? झालं, म्हणालो. बरे होतील का? सुंदर झालेत, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी दिलेल्या प्लास्टरने डोकं बसवलं, कापड टाकलं आणि तांब्या गुपचूप फळीवर ठेवला.

ईस्टरच्या सकाळी फादरांनी कापड ओढलं. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मिस्सा (प्रार्थनाविधी) संपल्यावर सगळे बाहेर गेले, मार्था मात्र मूर्तीसमोर जाऊन उभी राहिली. मी मागे, घामाघूम. तिने हात वर करून ओठांवरून अंगठा फिरवला.

"ओठ ठेवलेत," ती म्हणाली.

फळीवर परत आलेल्या तांब्याला प्लास्टरचं पांढरं लागलेलं दिसलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. मग तिनेही सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी पुसताना तिच्या हातून मूर्ती आडवी झाली होती, नाक चुरलं होतं आणि ओठांचा रंग उडाला होता. मी फेरीवर होतो.

"नाक कसं करायचं, कुणाला विचारणार? तुमचंच आठवून केलं."

मी नाकाला हात लावला. शेंड्याला बसकं, डावीकडे कललेलं. आम्ही दोघं चर्चमध्ये इतके हसलो की फादर परत आत डोकावून गेले. म्हणजे इतकी वर्षं ती रोज तासभर जे बोलत होती, ते थोडंफार माझ्याच तोंडावर बोलत होती. मूर्तिकाराने त्याला मूर्तिकार केला, कोर्टाच्या माणसाने आरोपी, मी कंडक्टर. आणि मार्थाला घडवायची वेळ आली तेव्हा तिने मला घेतलं, यात माझी लायकी काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चर्चला निघाली, तेव्हा मी म्हणालो, आज मलाच सांग.

"तुम्ही मधे बोलता," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो, आणि गप्प राहिलो.