फवाऱ्याला पडलेली मतं

एका देशाच्या संसदेच्या तळघरातल्या सलूनमध्ये केस कापणाऱ्याला सगळे फवारा म्हणत. कात्री लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला मानेपर्यंत भिजवायचा. सत्ताधारी असो की विरोधक, त्याच्या खुर्चीत सगळे सारखेच ओले.

त्या साली राष्ट्रपती निवडताना खासदारांचं घोडं अडलं. दोन तृतीयांश मतं कुणालाच मिळेनात. चिठ्ठीवर चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही नागरिकाचं नाव लिहायची मुभा होती. कंटाळलेल्या कुणीतरी लिहिलं, 'तळघरातला फवारा'. सभापतींनी ते गंभीरपणे वाचलं आणि सभागृह खदखदून हसलं. पुढच्या फेरीत तशा एकतीस चिठ्ठ्या निघाल्या.

घरी बायकोनं दारातच गाठलं. "अहो, रेडिओवर तुमचं नाव सांगितलं."

"चेष्टा आहे गं."

"चेष्टा एखाद्याची असते. एकतीस जणांची म्हणजे लाट."

त्याला हसू फुटलं ते आवरेना. सासूबाईंचा फोन आला आणि त्या चक्क 'जावईबापू' म्हणाल्या. शेजारीण गल्लीतल्या गटाराची तक्रार घेऊन आली.

"वहिनी, कारभार पंतप्रधान बघतात. राष्ट्रपतीनं कायद्यांवर सह्या करायच्या, आणि कुणालाच बहुमत नसलं तर सरकार बनवायला कुणाला बोलवायचं ते ठरवायचं."

"म्हणजे आमच्या सासऱ्यांसारखंच," शेजारीण म्हणाली. "स्वयंपाकात लक्ष घालत नाहीत, पण जावाजावांत जुंपली की मधे तेच."

दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांचे नेते एकाच वेळी सलूनमध्ये आले आणि शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसले. फवाऱ्यानं दोघांनाही भिजवलं.

"आज खरंच निवडून आलास तर?" एकानं विचारलं.

"मग तुमचे केस कोण कापणार, साहेब?" फवारा म्हणाला. "पण आलो तर नाही म्हणणार नाही. बायको तयारीत आहे."

दोघांनी आरशातून एकमेकांकडे पाहिलं. आठवडाभर त्यांच्यात बोलणं नव्हतं. गळ्याशी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत ते कुजबुजू लागले, आणि केस वाळायच्या आत एका निवृत्त न्यायाधीशबाईंच्या नावावर एकमत झालं.

दुपारी बाई निवडून आल्या. तरी चार चिठ्ठ्या फवाऱ्याच्या निघाल्याच. सभापतींनी त्याही वाचल्या तेव्हा तो बायकोसोबत प्रेक्षकांच्या सज्जात होता. त्याला राहवलं नाही. तो उठला आणि कमरेत वाकून सगळ्या सभागृहाला नमस्कार केला.

"बसा हो," बायकोनं शर्ट ओढला, पण हसून हसून तिच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

खाली, निकालासाठी सभागृहात बोलावलेल्या नव्या राष्ट्रपतीबाईंनी मान वर केली आणि हरलेल्या उमेदवाराला दोन्ही हात जोडले.